द्वंद्वगीतातील द्वंद्व

मराठीत 'द्वंद्व' या एकाच शब्दाने जोडीचाही बोध होतो आणि झुंजीचाही. व्याकरणातील द्वंद्व समासाचा विशेष असा की, त्यात दोन्ही पदे सारखीच प्रधान असतात. 'रामलक्ष्मण' म्हणताना राम थोरला म्हणून लक्ष्मण गौण ठरत नाही. दोघांनी मिळून गायिलेल्या गीताला आपण कधी युगुलगीत म्हणतो, कधी द्वंद्वगीत. यांपैकी दुसरे नाव आम्हांला अधिक नेमके वाटते, कारण जोडी आणि झुंज हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण संगीतात, म्हणजे 'कंट्री' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतात, साधारणतः १९३० ते १९८० या अर्धशतकात ज्या जोड्या लोकांच्या गळ्यातला ताईत होऊन बसल्या, त्यांचा विचार करताना हा दुहेरी अर्थ पदोपदी आठवतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांपैकी मोजक्या जोड्यांचा परामर्श घेणार आहोत. दोन कंठांतून उमटणारे 'आम्ही' खरे केव्हा मानावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. तो केवळ अमेरिकेपुरता नाही. कलाकृतीचा खरेपणा कलावंताच्या संसारात शोधण्याची सवय आपल्या रसिकतेलाही पुष्कळ जडलेली आहे.

या संगीताची घडण प्रथम थोडक्यात पाहू. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून आलेल्या वसाहतकऱ्यांनी आपल्याबरोबर कथागीते आणली. गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांकडून बँजो हे वाद्य आणि ब्लूज गायकीचे वळण आले. खेड्यापाड्यांतील चर्चमध्ये सामुदायिक गायनाची परंपरा होतीच. हे सारे प्रवाह दक्षिणेतील डोंगराळ मुलखात एकमेकांत मिसळले. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम या रेडिओकेंद्रावरून शनिवारच्या रात्रीचा एक कार्यक्रम सुरू झाला. 'ग्रँड ओल ऑप्री' हे त्याचे पुढे रूढ झालेले नाव. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर यांनी टेनेसी राज्याच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. घरच्या ओसरीवर गायिली जाणारी गाणी अशा रीतीने बाजारात आली. पुढील जोड्यांचे भाग्य आणि दुर्भाग्य या दोन्हींचे मूळ या घटनेत आहे.

आपल्याकडील श्रोत्याला या गायनातील एक गोष्ट प्रथम उमजून घ्यावी लागते. आपल्या जुगलबंदीत किंवा भावगीतातील युगुलगीतात दोन गायक बहुधा आळीपाळीने गातात. एकाने जागा मोकळी करावी, दुसऱ्याने ती भरावी, आणि एकत्र आले तर एकाच स्वरावर यावे. कंट्री संगीतातील जोडी एकाच क्षणी, एकाच शब्दावर दोन निरनिराळे स्वर लावते. मुख्य चाल षड्जावर असेल तर दुसरा कंठ गांधारावर असतो, आणि हे अंतर राखून दोघे चालीच्या चढउतारांतून बरोबरीने जातात. गोव्यातील वाचकांना हे नवीन वाटणार नाही. साष्टीतील ख्रिस्ती घराण्यांत एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो अशाच दोन कंठांच्या समांतर स्वरांतून गायिला जातो. या पद्धतीचे मर्म असे की, दोघांपैकी कोणालाही स्वतःपुरते गाता येत नाही. दुसऱ्याचा श्वास, त्याचा शब्दोच्चार, शब्दाच्या अखेरीस तो स्वर कोठे सोडतो, हे सारे ऐकत ऐकत आपला स्वर लावावा लागतो. अंतर फार झाले तर मेळ विसकटतो, आणि अगदीच मिटले तर दुसऱ्या कंठाचे प्रयोजन उरत नाही. द्वंद्वगीत टिकते ते या राखलेल्या अंतरावर.

१९३० नंतरच्या दशकात या गायनाची धुरा भावांच्या जोड्यांनी वाहिली. अलाबामातील ऑल्टन आणि रेबन हे डेल्मोर बंधू, नॉर्थ कॅरोलिनातील बिल आणि अर्ल बोलिक, केंटकीतील चार्ली आणि बिल मन्रो ही त्यांतील ठळक नावे. भावांच्याच जोड्या इतक्या का, याचे उत्तर फारसे गूढ नाही. एका घरात वाढलेल्यांचे स्वर आणि उच्चार एका वळणाचे असतात. दुसरे कारण रेडिओचे. ध्वनिक्षेपक नसताना मैदानात गाणाऱ्याला गळा ताणून गावे लागे; ध्वनिक्षेपकासमोर हलक्या आवाजात, जणू कानाशी गाणे शक्य झाले, आणि दोन कंठांमधील सूक्ष्म अंतर प्रथमच दूरच्या श्रोत्यापर्यंत जाऊ लागले. मंदीच्या त्या काळात गिटार आणि मँडोलिन घेऊन निघालेले दोघे जण प्रवासाला आणि मानधनाला सुटसुटीत होते, हेही विसरून चालणार नाही. मन्रो बंधूंची जोडी १९३८ मध्ये फुटली. पुढे बिल मन्रो यांनी स्वतःचा संच उभारला आणि 'ब्लूग्रास' ही शाखा त्यातून जन्मली.

या परंपरेचा कळस आमच्या मते लूव्हिन बंधूंच्या गायनात दिसतो. आयरा (जन्म १९२४) आणि चार्ली (जन्म १९२७) यांचे मूळ आडनाव लाउडरमिल्क. अलाबामातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या भावांच्या कानांवर लहानपणापासून 'सेक्रेड हार्प' पद्धतीचे गायन होते. त्यात गायक चौरस करून एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि निरनिराळे स्वर एकाच वेळी खणखणीत आवाजात गातात. तेथे श्रोतृवर्ग असा वेगळा नसतोच. एकमेकांकडे तोंड करून गाण्याचा हा संस्कार लूव्हिन बंधूंच्या गीतांत शेवटपर्यंत टिकला. चार्ली यांच्याकडे बहुधा मुख्य चाल असे आणि आयरा यांचा तीव्र, उंच स्वर तिच्या वरून जाई. परंतु चाल फार वर चढू लागली की गाता गाता, ओळीच्या मध्यावर, दोघे जागा बदलत. खालचा वर जाई, वरचा खाली येई, आणि श्रोत्याला सांधा कळत नसे. त्यासाठी त्यांना खूण करावी लागत नसे. दोन्ही पदे प्रधान असणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. १९५५ मध्ये ते ऑप्रीत दाखल झाले. त्याच वर्षीचे 'व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग' आणि १९५६ चा 'ट्रॅजिक साँग्ज ऑफ लाइफ' हा गीतसंग्रह यांत त्यांची कला परिपूर्ण रूपात भेटते.

येथे एका साध्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. लूव्हिन बंधूंच्या बहुतेक गीतांत बोलणारा 'मी' आहे. 'आम्ही' क्वचितच येतो. विरहगीतातील प्रियकर एक, त्याची प्रेयसी एक, आणि गाणारे कंठ मात्र दोन! वर उल्लेखिलेल्या संग्रहातील 'नॉक्सव्हिल गर्ल' या गीतात तर प्रेयसीचा खून करणारा माणूस स्वतःच आपली हकीगत सांगतो. हे कथागीत मुळात आयरिश व इंग्रजी परंपरेतून आलेले. दोघे भाऊ मृदू, समजूतदार स्वरांत तो खून सांगत जातात. आवाजात ना पश्चात्तापाचा उमाळा, ना क्रौर्याचा आव. एकच 'मी' दोन कंठांतून आल्यामुळे तो कोणा एका माणसाचा राहत नाही. एक कंठ कृत्य करतो आणि दुसरा त्याचा साक्षी असतो, असे वाटत राहते. भीषणता या जोडस्वरात आहे. तीच हकीगत एकट्या गायकाने सांगितली असती तर ती नुसती गुन्ह्याची बातमी झाली असती.

दोन भावांनी मिळून एकाच स्त्रीवरील प्रेम गावे, यात त्या काळच्या कोणाही श्रोत्याला वावगे वाटले नाही. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे गीतातील 'मी' हा गायकाच्या घरचा माणूस नसतो, हे त्या श्रोत्यांना पक्के कळत होते. कोणत्याही साहित्यशास्त्राचे अध्ययन न करता शेतकरी आणि गिरणीकामगार हा संकेत जाणत होते. मात्र पुढील पिढीत जोडीतील एका भावाच्या जागी स्त्री आली आणि तोच श्रोतृवर्ग हा संकेत विसरला.

लूव्हिन बंधूंच्या स्वरांतील सलोखा त्यांच्या व्यवहारात नव्हता. आयरा यांचे मद्यपान आणि संताप प्रसिद्ध आहेत. मँडोलिनचे सूर जुळेनात म्हणून ती फोडण्यापर्यंत त्यांची मजल जाई. १९६३ मध्ये जोडी फुटली. २० जून १९६५ रोजी मिसुरी राज्यात मोटार अपघातात आयरा यांचा अंत झाला. हा वृत्तान्त सांगून काही लेखक असा निष्कर्ष काढतात की, तो मेळ केवळ देखावा होता. आम्हांला हा निष्कर्ष उथळ वाटतो. ज्यांना व्यवहारात एकमेकांचे ऐकून घेणे जमत नव्हते, ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले की एकमेकांचा श्वासदेखील ऐकत. त्या तीन मिनिटांतील लक्षपूर्वक ऐकणे खोटे होते असे म्हणण्यास आधार कोणता?

एव्हरली बंधूंच्या बाबतीतही हेच दिसून येते. डॉन (जन्म १९३७) आणि फिल (जन्म १९३९) हे केंटकीतील गिटारवादक आयक एव्हरली यांचे पुत्र. आयोवा राज्यातील शेनँडोआ येथे कुटुंबाच्या रेडिओ कार्यक्रमात ते बालपणापासून गात. १९५७ मध्ये फेलिस आणि बूडलो ब्रायंट या गीतकार दांपत्याच्या 'बाय बाय लव्ह'ने त्यांना तरुणांच्या नव्या संगीतात अग्रस्थान मिळवून दिले. कीर्तीच्या अशा भरात असताना त्यांनी १९५८ मध्ये 'साँग्ज अवर डॅडी टॉट अस' हा संग्रह काढला आणि वडिलांकडून शिकलेली जुनी गीते मोजक्या वाद्यांच्या साथीने गायिली. त्यांचे स्वर लूव्हिन बंधूंपेक्षा अधिक गुळगुळीत. दोन कंठांची कड त्यांत जवळजवळ लोपते. पुढे 'बीटल्स' आणि सायमन व गारफंकल यांनी त्यांच्याकडून उघडपणे घेतले ते हेच. मात्र गुळगुळीतपणाला एक मर्यादा असते. त्यांच्या काही गीतांत दोघे इतके एक होतात की दुसऱ्याच्या असण्याची जाणीव विरून जाते. १४ जुलै १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील एका कार्यक्रमात भर मंचावर त्यांची ताटातूट झाली. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते पुन्हा एकत्र उभे राहिले, तेव्हा दहा वर्षांचा अबोला त्यांच्यामध्ये होता आणि स्वरांतील अंतर मात्र पूर्वीइतकेच अचूक होते. फिल २०१४ मध्ये आणि डॉन २०२१ मध्ये निवर्तले.

आता स्त्री-पुरुष जोड्यांकडे वळू. त्यांची पूर्वतयारी १९५२ मध्ये झाली, असे आम्ही मानतो. त्या वर्षी हँक थॉम्पसन यांच्या 'द वाइल्ड साइड ऑफ लाइफ' या गीतात घर सोडून गेलेल्या स्त्रीला दोष दिला होता. किटी वेल्स यांनी त्याच चालीवर 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स' हे उत्तर गायिले आणि बिघडलेल्या स्त्रियांमागे संसार विसरणारे पुरुष असतात, हे स्पष्ट सुनावले. त्याच चालीत उलट उत्तर देण्याची ही रीत कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या मराठी माणसाला ओळखीची वाटेल. या गीताला काही ठिकाणी प्रसारणबंदी झाली. तरीही एकल गायिकेने कंट्री गीतांच्या क्रमवारीत पहिले स्थान मिळविण्याचा मान त्याच गीताने मिळविला. दोन तबकड्यांवर सुरू झालेला हा वाद एकाच तबकडीवर येणे ओघाने आलेच. १९५४ मध्ये रेड फोली आणि किटी वेल्स यांचे 'वन बाय वन' अग्रस्थानी पोहोचले.

भावांच्या गीतांतील 'मी'ची जागा आता 'तू' आणि 'मी' यांनी घेतली. कॉनवे ट्विटी आणि लोरेटा लिन यांनी या सर्वनामांची जी विविध रूपे दाखविली, ती अन्य कोणत्याही जोडीत आढळत नाहीत. १९७१ ते १९७५ या काळात त्यांची पाच द्वंद्वगीते ओळीने पहिल्या क्रमांकावर गेली. पहिले, 'आफ्टर द फायर इज गॉन', हे आपापल्या संसारात ऊब न उरलेल्या दोघांच्या चोरट्या प्रेमाचे. १९७३ च्या 'लुइझियाना वुमन, मिसिसिपी मॅन'मध्ये त्यांच्यामध्ये एक महानदी आहे. १९७४ च्या 'अ‍ॅज सून अ‍ॅज आय हँग अप द फोन'मध्ये दूरध्वनीच्या एका टोकाला कॉनवे नुसते बोलतात आणि दुसऱ्या टोकाला लोरेटा गातात. संबंध तुटल्याची वार्ता गद्यातून यावी आणि तिच्यावरचा अविश्वास गाण्यातून, ही कल्पना साधी पण अचूक आहे. १९७८ मध्ये हेच दोघे मुले कुरूप निघाल्याचे खापर एकमेकांवर फोडणारे नवरा-बायको होऊन श्रोत्यांना पोटभर हसवितात.

या दोघांचे परस्परांशी लग्न झालेले नव्हते. लोरेटा यांचा विवाह १९४८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ऑलिव्हर लिन यांच्याशी झाला होता आणि तो ऑलिव्हर यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत टिकला. कॉनवे यांच्याशी आपली निखळ मैत्री होती, हे त्यांना जन्मभर सांगत राहावे लागले. श्रोते मानायला तयार नव्हते. आम्हांला मात्र या अविश्वासात त्यांच्या कलेची पावती दिसते. कॉनवे यांचा घोगरा, दबका स्वर आणि लोरेटा यांचा केंटकीच्या कोळसाखाणींच्या मुलखातला मोकळा, उघडा स्वर एकमेकांत मुळीच विरघळत नाहीत. प्रत्येक ओळीत दोन वेगळी माणसे ऐकू येतात, म्हणूनच त्यांच्यामध्ये काहीतरी घडत आहे असे वाटते. नाते नसताना नात्याचा प्रत्यय देणे यालाच तर अभिनय म्हणतात. रंगभूमीवरील नायक-नायिका खरोखरीच पती-पत्नी आहेत काय, अशी चौकशी करणारा प्रेक्षक आपण अरसिक मानतो. गायकांच्या बाबतीत हाच न्याय का लावू नये?

जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होतो, कारण त्यांचा संसार खरा होता. १९६९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि बिली शेरिल या निर्मात्याच्या देखरेखीखाली त्यांचे वैवाहिक जीवन हाच गीतांचा विषय बनला. १९७२ च्या 'द सेरेमनी'मध्ये प्रत्यक्ष विवाहविधीच गीतरूप घेऊन येतो. १९७३ च्या 'वी आर गॉना होल्ड ऑन'मध्ये संसार टिकवून धरण्याचा निर्धार आहे. हा संसार डळमळत असल्याच्या बातम्या श्रोत्यांच्या कानी होत्या आणि तबकडी घेणारा माणूस गीताबरोबर त्या बातमीचीही किंमत मोजत होता.

इंग्रजीतील 'वी' या सर्वनामाला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत, 'आपण' आणि 'आम्ही'. ऐकणाऱ्याला सामावून घेतो तो 'आपण'. त्याला बाहेर ठेवतो तो 'आम्ही'. इंग्रजी गीतात हा भेद झाकलेला राहतो. मराठी श्रोत्याने तो उलगडून पाहावा. 'वी आर गॉना होल्ड ऑन' हे जॉर्ज टॅमींना सांगत असतील, तर तो 'आपण' आहे आणि गीत हृद्य आहे. ते दोघे मिळून श्रोत्यांना सांगत असतील, तर तो 'आम्ही' आहे, आणि गीताला निवेदनपत्रकाचे रूप येते. आमच्या कानांना त्यात दुसरा सूर अधिक ऐकू येतो. 'द सेरेमनी' तर आम्हांला सर्वस्वी फसलेले वाटते. खऱ्या संसाराचा आधार मिळाल्यामुळे कलेने करावयाचे काम गायकांनी त्या संसारावर सोपविले आहे.

१९७५ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्यानंतर, १९७६ मध्ये, त्यांचे सर्वोत्तम गीत आले. बॉबी ब्रॅडक आणि रेफ व्हॅन हॉय यांच्या 'गोल्डन रिंग'मध्ये शिकागोतील एका गहाणवटीच्या दुकानातील अंगठीची कथा आहे. गरीब तरुण जोडपे ती विकत घेते, तिच्यासह विवाहबद्ध होते, पुढे भांडते, विभक्त होते आणि अंगठी पुन्हा त्याच दुकानात येते. या गीतात जॉर्ज आणि टॅमी निवेदक आहेत. 'मी' नाही, 'आम्ही' नाही. ज्यांची कथा आहे ते 'ते दोघे' आहेत. ज्यांना स्वतःविषयी बोलण्याचा पुरेपूर अधिकार होता, त्यांनी तृतीयपुरुषाचा आश्रय घेतला आणि त्यामुळेच ते गीत एका दांपत्याच्या बातमीतून सुटून कोणत्याही दांपत्याचे झाले. चरित्र ठाऊक असलेल्या श्रोत्याला त्यात आणखी एक वेदना ऐकू येते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याला या दोघांची नावेही माहीत नाहीत, त्यालाही त्या अंगठीचे परत दुकानात येणे तितकेच लागते. ज्या गीताला चरित्राची कुबडी लागत नाही ते श्रेष्ठ, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

तथापि चरित्राला दाराबाहेर ठेवताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जोडीतील मानपान, नावांचा क्रम आणि पैशाचा हिशेब हे खाजगी चरित्र नव्हे. त्यांचे परिणाम स्वरांत ऐकू येतात. पोर्टर वॅगनर यांनी १९६७ मध्ये डॉली पार्टन यांना आपल्या दूरदर्शन कार्यक्रमात घेतले. नॉर्मा जीन या आधीच्या गायिकेवर लोभ असलेल्या प्रेक्षकांनी नवीन मुलगी स्वीकारावी म्हणून पोर्टर तिच्याबरोबर द्वंद्वगीते गाऊ लागले. १९७० आणि १९७१ असे दोन वेळा कंट्री म्युझिक असोसिएशनचे सर्वोत्कृष्ट जोडीचे पारितोषिक त्यांना मिळाले. गीते गोड आहेत, नेटकी आहेत. पण ती ऐकताना आम्हांला एक अडचण सतत जाणवते. डॉली यांचा स्वर मूळचा अधिक लवचिक आणि अधिक धीट. येथे तो यजमानाच्या स्वराला शोभा आणण्यापुरता मर्यादित राहतो. समास द्वंद्वाचा असला तरी एक पद गौण आहे. १९७४ मध्ये डॉली यांनी तो कार्यक्रम सोडला आणि निरोप म्हणून 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गीत रचले. १९७९ मध्ये पोर्टर यांनी त्यांच्यावर दावा लावला. तो पुढे न्यायालयाबाहेर मिटला. या जोडीचे सर्वश्रेष्ठ गीत जोडी मोडताना, एकटीने गायिलेले आहे, यात जोडीवरचा अभिप्राय आपोआप आला. आणि त्या गीतात कडवटपणा नाही, कृतज्ञता आहे. उपकार मान्य करूनही दुय्यम स्थान नाकारता येते, हे त्यातून कळते.

या संगीतावर घेतले जाणारे दोन आक्षेप येथे नोंदविणे न्यायाचे होईल. पहिला भावविवशतेचा. कंट्री गीतांत अश्रू, मद्य आणि पश्चात्ताप यांची रेलचेल आहे, हे खरे. भावांच्या आणि कॉनवे-लोरेटा यांच्या उत्तम गीतांत या भावविवशतेला आळा बसतो तो दुसऱ्या कंठामुळे. एकटा माणूस स्वतःच्या दुःखात वाहून जाऊ शकतो. ज्याला शेजारच्याचा स्वर सांभाळायचा आहे, त्याला वाहून जाणे परवडत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या संगीताने बँजो आणि ब्लूज कृष्णवर्णीयांकडून घेतले, त्याच संगीताच्या बाजारात तबकड्यांचे वर्ण पाहून विभाजन झाले. गोऱ्या गायकांच्या 'हिलबिली' आणि कृष्णवर्णीयांच्या 'रेस' अशा वेगळ्या याद्या निघत. ऑप्रीच्या आरंभकाळचे लोकप्रिय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय होते. १९४१ मध्ये त्यांना कार्यक्रमातून वगळण्यात आले. एका ध्वनिक्षेपकापुढे दोघांना इतक्या सहृदयतेने जागा देणाऱ्या या परंपरेने आपल्या 'आम्ही'च्या बाहेर कोणाला ठेवले, हे विसरून तिचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आम्ही जी कसोटी गीतांना लावतो, ती त्या व्यवसायाला लावली तर तो तिला उतरत नाही.

ती कसोटी आता स्पष्ट मांडता येईल. द्वंद्वगीत खरे केव्हा? गाणारे भाऊ आहेत, दांपत्य आहे की केवळ सहकारी आहेत, यावर ते ठरत नाही. त्यांचे पुढे पटले की फाटले, यावरही नाही. दुसऱ्याला ऐकत, अंतर राखून, तरीही आपला स्वर न गमावता दोघे गात आहेत काय, एवढेच पाहावयाचे. द्वंद्व समासाचा विग्रह करताना दोन पदांमध्ये एक 'आणि' येतो. समासात तो लिहिला जात नाही, पण त्याच्यावाचून समास होत नाही. उत्तम जोडी हा 'आणि' ऐकवते. या कसोटीवर आम्ही लूव्हिन बंधू आणि कॉनवे-लोरेटा यांना सर्वांत वर ठेवू. जॉर्ज-टॅमी यांना एका 'गोल्डन रिंग'साठी त्यांच्या बरोबरीने. एव्हरली बंधूंना किंचित खाली. आणि पोर्टर-डॉली यांची गणना, लोकप्रियता मान्य करूनही, दुसऱ्या ओळीत करू. नव्याने ऐकू इच्छिणाऱ्या वाचकांनी 'ट्रॅजिक साँग्ज ऑफ लाइफ'पासून आरंभ करावा, अशी आमची शिफारस आहे.

जोडीतील एक जण गेल्यावर या 'आणि'चे काय होते? इंदूरच्या होळकर दरबारातील नसीरुद्दीन खाँ डागर यांचे पुत्र मोइनुद्दीन आणि अमीनुद्दीन हे ध्रुपद एकत्र गात. १९६६ मध्ये थोरले बंधू गेल्यावर अमीनुद्दीन खाँ २००० पर्यंत हयात होते. त्यांना ती गायकी एकट्याने सांभाळावी लागली. चार्ली लूव्हिन यांनी भावाच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षे, म्हणजे २०११ मधील आपल्या निधनापर्यंत गायन केले. दोघे भाऊ एकाच ध्वनिक्षेपकावर गात असत. आपण एकटे गात असतानाही, जोडस्वराची जागा आली की आपण अजून डावीकडे सरकतो, उजवीकडे कोणी उभे नाही हे ठाऊक असूनही सरकतो, असे त्यांनी उतारवयात सांगितले होते. १९६३ मध्ये ज्या भावाबरोबर राहणे अशक्य झाले, त्याच भावासाठी ही जागा ते मोकळी करीत होते. त्या दोघांचे भांडण खरे होते, यात शंका नाही. पण हे सरकणेही तितकेच खरे होते, आणि त्यांची गीते ऐकणाऱ्याशी संबंध आहे तो या दुसऱ्या खरेपणाचा.